मदत हवी आहे : अमेरिकेत इंटरनल मेडिसिनची रेसिडेन्सी (डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण)

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सिडकोत राहते. एमबीबीएस, इंटर्नशिप झाली, यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवाना परीक्षेची स्टेप १ पास आहे. २०२२ पासून तिचा निकाल फक्त पास-नापास असा येतो, त्यामुळे सगळी भिस्त स्टेप २ सीके या पुढच्या टप्प्यावर. तिथे गुण चांगले पडलेत.

अडलंय ते शिफारसपत्रांपाशी. इथल्या सरांनी दोन पत्रं अगदी मनापासून दिलीत, पण चांगल्या युनिव्हर्सिटी प्रोग्रॅमसाठी तिथल्या डॉक्टरांचं पत्र लागतंच म्हणतात. ऑब्झर्वरशिपसाठी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम बघायच्या संधीसाठी, चाळीसेक ईमेल केले. उत्तरं तीन, तिन्ही नकार. सप्टेंबरमध्ये अर्ज जातील. तुम्हाला कशी मिळाली? एका महिन्याची पुरते का?

दुसरं, पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा मजकूर. इंटर्नशिपमध्ये एका आजोबांचा ताप काही केल्या उतरेना. सरांनी मला पुन्हा पहिल्यापासून हिस्टरी घ्यायला बसवलं, तेव्हा कुठे घरचा गोठा आणि कच्चं दूध निघालं, तपासणीत ब्रुसेलोसिस, जनावरांकडून होणारा संसर्ग. तेव्हापासून मला मेडिसिनच करायचंय. हाच प्रसंग लिहू का?

बाबा एफडी मोडायला तयार आहेत, म्हणून जास्त काळजी वाटते. जे-१ व्हिसावर (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) गेलेल्या कुणी बोलेल का माझ्याशी?