पुलियाच्या किनाऱ्यावर मुक्काम कोठे करावा?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये आई-वडिलांसह इटलीतील पुलियाला जायचे आहे. स्वतः गाडी न चालवता अल्बेरोबेल्लो आणि मातेरा पाहायचे असल्यास मुक्काम बारीत करावा की मोनोपोलीत?

उत्तर १: निव्वळ समुद्रासाठी मोनोपोली उत्तम, तेथील जुन्या बंदरातील निळ्या होड्या पाहतच राहाव्यात. बारी–लेच्चे रेल्वेमार्गामुळे किनाऱ्यावरील पोलिन्यानो हे गावही जवळ पडते.

उत्तर २: बारीहून मातेराला जाणारी रेल्वेगाडी वेगळ्या कंपनीची असते आणि तिचे तिकीटही वेगळे काढावे लागते, म्हणून निदान दोन रात्री बारीत काढाव्यात. १९९३ पासून जागतिक वारसा असलेल्या मातेरातील गुहावस्तीत चढ-उतार आणि पायऱ्या फार आहेत; आई-वडिलांच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा.

उत्तर ३: अल्बेरोबेल्लोत चुन्याशिवाय रचलेली शंकूच्या छपरांची घरे निवांत पाहायची असतील, तर दुकानांनी गजबजलेल्या मोंतीऐवजी आया पिक्कोला भागात फिरावे.