घरकर्ज लवकर फेडताना घर कसं चालवलंत? (अनुभव धागा)

भांडुपची लाल वही

गणपतीआधीची साफसफाई म्हणून काल माळा काढला, तर जुन्या कुकरच्या खोक्यात माझी हिशेबाची लाल वही सापडली. 2009 ते 2018. दर महिन्याच्या पानावर कोपऱ्यात गोल करून एकच आकडा, कर्जाची बाकी. साफसफाई तिथेच राहिली, दिवेलागणीपर्यंत वाचत बसले.

भांडुपला वन बीएचके घेतला तेव्हा 18 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, सव्वादहा टक्के. हप्ता 17,670. पहिल्या हप्त्यातले 15,375 व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं 2,295 नी. ह्यांना वाटलं काहीतरी चुकलंय. शाखेत जाऊन विचारलं, चुकलं नव्हतं, कर्जाची रीतच ती. सुरुवातीला बाकी मोठी म्हणून व्याज मोठं. त्या रात्री ओट्याशी बसून दोघांनी ठरवलं, वीस वर्षं हे असं द्यायचं नाही.

मग ह्यांच्या पगारात हप्ता, सोसायटीचं मेंटेनन्स आणि वीजबिल; माझ्या पगारात बाकी सगळं घर. ह्यांनी फर्स्ट क्लासचा पास सोडला, सीएसटीपर्यंत सेकंड क्लासमधून उभ्याने. उरेल ते आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या बँकेच्या ठेवीत, कारण तेव्हा आमची बँक मधे पैसे भरले तर दोन टक्के दंड घ्यायची. जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावरचा हा दंड बंद करायला लावला. ऑगस्टमध्ये साठलेले 2 लाख 10 हजार एकदम भरले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हप्ता कमी करू की मुदत? मुदत, मी म्हटलं. नंतर दर दिवाळीचा बोनस तसाच गेला.

काय सोडलं नाही तेही सांगते. सासूबाईंची औषधं, अर्धा लिटर जास्तीचं दूध, आणि दीड दिवसाचा गणपती.

वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे, "लेकीची सहल – नाही." काल त्या पानावरून पुढे जायला वेळ लागला.

तुम्ही कसं केलंत? लिहा ना.

सावंतवाडी टू विरार

ताई, आमच्याकडे सुरमई बंद झाली होती. चार वर्षं बांगडा, मांदेली, आणि महिनाअखेरीला सुकट. आई म्हणायची, मासा तो मासा. सुक्या जवळ्याची कोशिंबीर आणि कुळथाची पिठी असली की मुलं काही न बोलता जेवायची. कर्ज फिटलं त्या दिवशी सुरमई आणली, तर धाकटा म्हणाला मला बांगडाच हवा.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

कुळथाची पिठी!! ताई तुमच्याकडे पीठ घरचं की विकतचं?

मुलुंड पूर्व

मी 2020 मध्ये 25 लाख घेतले, सात टक्के, हप्ता 19,382. दर कमी म्हणून आनंदात होतो. मे 2022 पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, चढत गेला, चार टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर. माझं कर्ज रेपोला जोडलेलं. हप्ता तोच कापला जात होता म्हणून मी बघितलंच नाही. वर्षाअखेरीला स्टेटमेंट उघडलं तर दोनशे दहाच्या आसपास उरलेले महिने तीनशेच्या वर गेलेले. म्हणजे निवृत्तीनंतरही हप्ते. त्या रात्री झोप नाही लागली.

बायकोने सकाळी विचारलं, किती वाढवला तर पहिल्या जागी येईल? बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेतला, साधारण तीन हजारांनी. ते तीन हजार कुठून आले तर रविवारचं बाहेर खाणं आणि माझ्या गाडीचं पेट्रोल. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. ज्यांनी स्टेटमेंट उघडलं नाही त्यांनी आज उघडा. हात जोडून सांगतो.

सावंतवाडी टू विरार

@डोंबिवली घरचंच गं. लिहिते नंतर, पाणी आलंय.

काळाचौकी

माझे वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. घरात उसनवारीची वही होती, वाण्याची. आई ती वही आमच्यासमोर उघडायची नाही. म्हणून मी 2011 मध्ये कल्याणला घर घेतलं तेव्हा कर्ज हा शब्द वडिलांसमोर उच्चारला नाही, "हप्त्याने घेतलंय" म्हणालो. ते दर महिन्याला विचारायचे, किती राहिले? पेन्शन म्हणावी असं काही नव्हतंच, तरी एकदा उशीखालून पाकीट काढून 5,000 दिले. भर म्हणाले. मी भरले. पावती त्यांच्या फोटोमागे ठेवली आहे.

भांडुपची लाल वही

दादा, काय लिहू. वाचून थांबलेच.

पार्ल्याची आत्या

रडवलंत हो.

ठाणे वेस्ट

मी थोडं उलट लिहिणार आहे, राग मानू नका. मी फार घाई केली. जे हातात आलं ते कर्जात, खात्यात कधी वीस हजारसुद्धा नाहीत. 2019 पर्यंत 30 लाखांचं कर्ज 11 वर आणलं, नातेवाईकांत कौतुक. 2020 मध्ये ऑफिसने पगार निम्मा केला आणि जुलैत बाबा दवाखान्यात. कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, आणि तिथलं व्याज घरकर्जापेक्षा जास्त. पाटल्या सुटल्या, बाबाही घरी आले, पण ते चार महिने मी विसरणार नाही. आधी सहा हप्त्यांइतके पैसे आणि मेडिक्लेम, मग काय भरायचं ते भरा. ज्यांच्या बँकेत ओव्हरड्राफ्टवालं घरकर्ज मिळतं त्यांनी तेही बघा. त्यात ठेवलेले पैसे व्याज कमी करतात आणि लागले तर काढता येतात. दर किंचित जास्त असतो.

मुलुंड पूर्व

अगदी खरं. आणि मुदत विमाही घ्या. कर्ज माझ्या नावावर, मी नसेन तर हप्ता कोण भरणार, हा विचार मला फार उशिरा आला.

पार्ल्याची आत्या

आमच्या बिल्डिंगमध्ये बाराजणींची भिशी होती, महिना दोन हजार. चिठ्ठी लागली की 24,000. मी नेहमी मार्चमध्ये द्या म्हणायचे आणि तशीच कर्जात भरायचे. बाकीच्या साड्या, मिक्सर घ्यायच्या, मला कुणी कधी टोचून बोललं नाही. एकीने तर तिचा नंबर मला दिला, मुलीच्या फीचं अडलं होतं तेव्हा. ती आता नाही. तिची आठवण इथे लिहायची होती.

बरं, एक साधा हिशेब भाच्याने करून दिला होता. 30 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 26,035. दर वर्षी फक्त एक हप्ता जास्त भरला तरी सुमारे साडेतीन वर्षं आधी सुटका आणि साडेसहा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. भिशीची चिठ्ठी म्हणजे तोच एक हप्ता.

ऐरोली सेक्टर

टॅक्सचं कुणी लिहिलं नाही? मला सगळे सांगायचे की सूट जाईल, फेडू नको. जुन्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते हे खरं. पण मी नव्या कर पद्धतीत गेले, तिथे राहत्या घराला ती नाही. मग माझ्यासाठी तो मुद्दा संपलाच. आणि जुनी असली तरी शंभर रुपये व्याज देऊन तीस वाचवायचे हे मला कधी पटलं नाही.

काळाचौकी

ताई, बरोबर बोललात.

बोरिवली आयसी कॉलनी

फेडल्यावरचं सांगते, तिथेच लोक विसरतात. शेवटचा हप्ता भरून आम्ही पेढे वाटले आणि झालं असं समजलो. दोन वर्षांनी मोठं घर घ्यायचं ठरलं तेव्हा कळलं, सोसायटीच्या रजिस्टरात बँकेचा बोजा तसाच. मूळ करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, नो ड्यूजचं पत्र, सगळं मोजून घ्या, आणि ते पत्र सोसायटीत देऊन बोजाची नोंद काढायला लावा. 1 डिसेंबर 2023 पासून पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आमच्या वेळी नव्हता. माझी सासू रोज विचारायची, आपल्या घराचे कागद आपल्याकडे कधी येणार? आले तेव्हा तिने देवासमोर ठेवले.

दादर चौपाटी

मी मुलगी म्हणून लिहिते. आईबाबांनी परळची खोली सोडून घर घेतलं, मी आठवीत. आमचीही एक सहल झाली नाही, वर्गातल्या सगळ्या गेल्या होत्या. त्या दिवशी आई मला ऑफिसला रजा टाकून राणीच्या बागेत घेऊन गेली, डबा घेऊन, बटाट्याची भाजी आणि पोळी. सहलीचा राग कधीच गेला. बाग लक्षात आहे. ताई, तुमच्या लेकीला विचारा, तिला काय आठवतंय.

भांडुपची लाल वही

विचारलं. आत्ताच फोन झाला, पुण्याला असते. तिला सहल आठवत नाही म्हणाली. आठवतंय ते हे की महिन्याच्या एक तारखेला मी वहीत आकडा लिहायचे आणि तिला गोल काढायला द्यायचे. ते गोल तिचे आहेत. मी विसरले होते. वही पाठव म्हणाली.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

❤️ आणि पिठीचं राहिलं.

सावंतवाडी टू विरार

हो गं. कुळीथ मंद आचेवर खमंग भाज, जात्यावर किंवा मिक्सरवर भरडून साल पाखडून टाक, मग दळ. फोडणीत लसूण भरपूर, हिरवी मिरची, पाणी उकळलं की पीठ भुरभुरव आणि ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. दोन आमसुलं शेवटी. वर ओलं खोबरं असलं तर, नसलं तरी चालतं.