पॅनेलवरच्या ‘रन’ला मराठीत काय लिहायचं?

शिवार_लातूर
बोअरच्या सिंगल फेज मोटारीच्या पॅनेलची माहिती मराठीत लिहून पेटीच्या दारावर चिकटवायची आहे. ‘रन’ चार ठिकाणी आहे: दिवा, कपॅसिटर, वायर आणि ‘ड्राय रन’. मोबाइल सगळीकडे ‘धाव’ दाखवतो. चारही जागी एकच शब्द चालेल का?

वाइंडिंगवाला
नाही भाऊ. दिव्याखाली ‘चालू’ लिहा. तो लागला म्हणजे पॅनेलमधून वीज पुढे गेली एवढंच. खाली बोअरात केबल तुटलेली असली तरी लागू शकतो.

रन कपॅसिटर मोटार चालते तोवर सर्किटमध्ये राहतो, स्टार्टचा दोन-तीन सेकंदांपुरता. बटण जास्त वेळ दाबून धरलं, की स्टार्टचा फुगून फुटतो. रनच्या जागी तो जोडला तरी तेच होणार. म्हणून ‘कायम जोडलेला’ असं लिहा आणि शेजारी त्याच्या क्षमतेचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा आकडा टाका.

रनची वायर ओळखताना रंगावर जाऊ नका, ते कंपनीगणिक बदलतात. मेन बंद करून, मोटारीच्या तिन्ही वायरी (स्टार्ट, रन आणि दोघींची सामाईक म्हणजे कॉमन) सोडवून मीटरने ओहम, म्हणजे वायरीतला रोध बघा. समजा दोन-दोनच्या जोड्यांत १०, ७ आणि ३ आले. १० दाखवणारी जोडी स्टार्ट आणि रनची, उरलेली कॉमन. कॉमनपासून ३ दाखवते ती रन, ७ दाखवते ती स्टार्ट.

शब्दवेल्हाळ
मोबाइल चुकतो कारण तो शब्द बघतो, कर्ता बघत नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘रन’ या क्रियापदाचेच ६४५ अर्थ मोजलेत. बोअर ‘रन ड्राय’ झाला म्हणजे आटला. मोटार ‘रन ड्राय’ झाली म्हणजे कोरडी चालली. एकात पाणी संपलं, दुसऱ्यात पाणी नसताना यंत्र फिरत राहिलं. ऑफिसात ‘ड्राय रन’ म्हणजे तालीम. पॅनेलवर ‘कोरडी चालल्यास बंद’ हेच लिहा, आज्ञा लगेच कळते.

वाइंडिंगवाला
बरोबर. त्याखाली अँपिअरही लिहा. पाणी संपलं की मोटारीवरचा भार उतरतो, अँपिअर घटतात, त्यावरूनच पॅनेल ओळखतं. बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं, त्यामुळे कोरडी चालली की ती घासतात. बोअर भरलेला असताना अँपिअर नोंदवा आणि मोटार बंद करायचं सेटिंग त्याच्या खाली ठेवा. अगदी चिकटून ठेवलं तर व्होल्टेज हललं की पाणी असूनही मोटार बंद पडेल. उन्हाळ्यात परत चालू व्हायचा टायमर वाढवा, झरा भरायला वेळ लागतो.