गोळी घेतली तर झोप, नाही घेतली तर शिंका

उद्यमबागचा_टर्नर:
पाऊस उघडला की दसरा-दिवाळीच्या टायमाला माझं दरवर्षी हेच, बाइकवरून कामावर पोचेपर्यंत दहा-पंधरा शिंका, डोळे चुरचुरतात, नाक गळतंय, ताप मात्र नाही. शेडच्या मागं काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलंय, पांढऱ्या फुलांनी नुसतं भरलंय. सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, घेतली की लेथ मशीनवर उभ्या उभ्या पेंग येते, परवा हात मशीनच्या फिरत्या चकला (जॉब धरणारा भाग) लागता लागता राहिला. सुपरवायझर म्हणतोय सर्दीला कोण रजा देतंय. तुम्ही काय करता ओ?

वडगावकर:
पेंगत लेथवर उभा राहू नको बाबा, त्यापेक्षा शिंका परवडल्या. मी सेट्रिझिन रात्री घ्यायचो तरी सकाळी डोकं जडच. डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन दिली, तिनं झोप येत नाही म्हटलं तरी चालेल, फक्त फळांच्या ज्यूसबरोबर घ्यायची नाही, गुण कमी येतो. आणि नाक मोकळं करायचे थेंब मेडिकलातनं आणून महिनाभर घालू नको, मी तो शहाणपणा केला, थेंब सोडले की नाक आधीपेक्षा घट्ट बंद.

टिळकवाडीची_ताई:
मी काउंटरवर असते, शिंकले की गिऱ्हाईक कानडीत "नेगडी आगेद एन्री" (सर्दी झालीय काय) म्हणत दोन पावलं मागं. मला नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेनं फरक पडला. पण तो एकदा मारला आणि झालं असं नसतंय, रोज घ्यावा लागतो, गुण यायला काही दिवस जातात, म्हणून मी सीझनच्या आधीच सुरू करते. डॉक्टरला विचारूनच हं.

निपाणीकर:
एक विचारतो, रविवारी घरी असताना पण शिंका येतात काय? आमच्या आईला तंबाखूच्या वखारीत यायच्या, सुट्टीत बंद, म्हणजे ती धूळ होती, फुलांचा काय संबंध नव्हता. तुमच्याकडं शेजारी फाउंड्री असेल तर वाळूची धूळ पण बघा, ते वेगळं आणि जास्त वाईट.

उद्यमबागचा_टर्नर:
रविवारी शेताकडं गेलो की डबल येतात ओ, बांधावर तेच गवत. शेठला म्हटलं मागचं गवत काढून घ्या, तर म्हणतोय तूच काढ की.

वडगावकर:
तू सोडून कुणालाही काढू दे 😄 त्याला पण हातमोजे, फुल बाह्या, तोंडाला मास्क. आमच्या भावानं उघड्या हातानं उपटलं, कोपरापर्यंत खाज आणि पुरळ. पुढच्या वर्षी पावसातच उपटा, फुलं यायच्या आधी.