शब्दचर्चा : ‘गवेषण’ आपला की परका?

तर्रीपोहे :
आमच्या बॅचच्या मेळाव्यासाठी स्मरणिका काढतोय. विषय आहे खाणकाम, खनिजांचा शोध आणि धातुविज्ञान, या तिन्हींत नागपुरात आजवर काय काय झालं. मजकूर आलाय, गाडी अडलीय ती मधल्या भागाच्या शीर्षकावर. ‘एक्सप्लोरेशन’ला मराठीत काय लिहायचं? मी ‘खनिज संशोधन’ लिहिलं तर आमच्या एका सरांनी लाल रेघ मारली. म्हणाले, संशोधन प्रयोगशाळेत होतं, रानात नाही. ‘समन्वेषण’ म्हणताना जीभ अडखळते. सेमिनरी हिल्सच्या बाजूने जाताना ‘खनिज गवेषण’ हे शब्द लहानपणापासून वाचत आलोय, पण घरीदारी कुणाच्या तोंडून ‘गवेषण’ ऐकलेलं नाही. हा शब्द आपला आहे की हिंदीतून येऊन बसलाय?

दुभाषी :
सरांची रेघ योग्य आहे, पण माझं कारण वेगळं. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती; आपण ज्याला संशोधन म्हणतो ते त्यांचं ‘अनुसंधान’. नागपुरात दोन्ही भाषा एकाच टेबलावर असतात, म्हणून हा शब्द जपून वापरावा लागतो. नवीन होते तेव्हा खाण कायद्यावरची टिपणं हिंदीतून मराठीत करत होते. समोर २०१५चा ‘संशोधन अधिनियम’ आला. मी तो शब्द तसाच ठेवला आणि वर ‘संशोधनाला चालना देणारा कायदा’ अशी शेपटीही जोडली! खरं तर ती १९५७च्या कायद्यातली दुरुस्ती होती, खाणपट्टे लिलावाने द्यायला लावणारी. त्याच दुरुस्तीने खनिजं शोधायच्या कामासाठी राष्ट्रीय न्यास उभा केला आणि पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) २ टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावी असं ठरवलं. म्हणजे माझी शेपटी अगदीच खोटी नव्हती. साहेबांना मात्र हा युक्तिवाद पटला नाही.

खडकफोड्या :
ड्रिलिंगच्या कॅम्पांवर आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ‘पूर्वेक्षण’ घेऊ, तोही कुणीतरी सुचवेलच. हा ‘प्रॉस्पेक्टिंग’चा पाडलेला शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘पुढे पाहणं’, तर आपल्याकडे पूर्व अधिक ईक्षण, आधी पाहणं. कायद्याच्या कागदात ठीक आहे. आपल्या भागाला प्रॉस्पेक्टिंग शब्द मात्र फार जुना. मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचा वंश शोधत मागे गेलात तर १८९६ साली निघालेली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ सापडते. पुढे १९२४ मध्ये तिची मँगनीज कंपनी झाली आणि १९६२ मध्ये आजची मॉइल. म्हणजे मँगनीज खणण्याच्या आधी ‘पाहणारे’ आले आणि त्यांनी आपल्या नावातच ते काम लिहून ठेवलं.

आता पाहणं आणि शोधणं यातला फरक. मनसर, कांद्री, गुमगाव इकडे मँगनीजचे काळे दगड जमिनीवर उघडे दिसायचे. गुराख्यालाही ते वेगळे वाटणार. तिथे पाहणं पुरतं. कामठीच्या कोळशाचं तसं नाही. कोळशाचे थर बराकर नावाच्या खडकांत, आणि त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी कामठीचा वाळूखडक पांघरलेला. वरून फिरून काही कळत नाही. तिथे भोकच पाडावं लागतं. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्यांचा बिट, नळी फिरत खाली जाते आणि आत खडकाची कांडी उरते, तो कोअर. कोअर बॉक्समध्ये कांड्या क्रमाने लावायच्या, खोली लिहायची. जितकं खणलं तितकी कांडी हाती आली नाही तर ‘रिकव्हरी कमी आली’ म्हणून बोलणी खायची. एक भोक म्हणजे एका सुईने घेतलेला अंदाज. दुसरं, तिसरं, मग जाळं. शासकीय मोजपट्टीवर याच्या चार पायऱ्या आहेत, जी ४पासून जी १पर्यंत. आकडा कमी होत जातो, खात्री वाढत जाते. नवख्यांना हे नेहमी उलटं वाटतं.

या चारही पायऱ्यांना मिळून एक शब्द हवा, आणि तो ‘पूर्वेक्षण’ नव्हे. ते या वाटेवरचं एक ठाणं झालं. १९७२मध्ये नागपुरात खनिजं शोधणारं जे सरकारी महामंडळ उभं राहिलं (सेमिनरी हिल्सजवळ तुम्ही वाचता ते नाव त्याचंच) त्याच्या हिंदी नावात म्हणूनच ‘गवेषण’ घेतलं असावं. शब्द कुठून आला ते जाणकारांनी सांगावं.

उमरेडकर :
येवढं काहून डोकं लावून राहिले भाऊ? आमचे बाबा खदानीत होते. त्यायले विचारलं तं म्हणे, “आमी तं सर्वेवाले आले म्हणत होतो.” मशीन लागली का समजायचं, आता इकडे खदान होते. आन हो, ‘खदान’च. खाण म्हणणारा मानूस पुण्याहून आला असं समजत लोकं. छापा ‘सर्वे’, सगळ्यायले समजन.

तर्रीपोहे :
उमरेडकर, सर्वे म्हटलं की आता लोक सातबारा घेऊन धावत येतात!

ओवीची पोर :
‘गवेषण’ हिंदीचा नाही, दोघींच्या आजीचा आहे. संस्कृत ‘गो’ अधिक ‘एषण’. मुळात हरवलेल्या, हव्या असलेल्या गाईंचा माग काढणं. वेदांतल्या माणसाचं धन म्हणजे गुरं, तेव्हा धनाचा शोध म्हणजे गाईंचा शोध. पुढे गाई गळाल्या आणि नुसतं शोधणं उरलं. प्राकृतात ‘गवेसइ’, आणि तिथून आपल्याकडे काय आलं माहीत आहे? ‘गवसणे’. जुन्या मराठीत ‘गिंवसणे’ म्हणजे शोधणे. आज आपण म्हणतो “किल्ली गवसली”, म्हणजे शोधणाऱ्याकडून अर्थ सापडणाऱ्या वस्तूकडे सरकला. ज्या घराण्याचा शब्द तुमच्या घरात कुणी उच्चारत नाही, त्याची लेक तुम्ही रोज बोलता. (‘आकाशाला गवसणी’ यात ओढू नका. ती गवसणी म्हणजे खोळ.)

खडकफोड्याजींचा गुराखी मला म्हणूनच फार आवडला.

आणि सरांना सांगा, ‘संशोधन’सुद्धा रानात होऊ शकतं. ‘शुध्’ म्हणजे शुद्ध होणं. शोधणे म्हणजे आधी निवडणं, पाखडणं, मळ काढणं, आणि त्यातून मग धुंडाळणं. त्या हिशेबाने धातू गाळून शुद्ध करणं हेच मूळ अर्थाचं शोधन. तुमच्या स्मरणिकेचा तिसरा भाग शब्दशः ‘संशोधन’ आहे.

खडकफोड्या :
हे माहीत नव्हतं. मँगनीजच्या खाणीत बाया हातोडीने धोंडे फोडून काळा दगड एकीकडे, पांढरा-तांबूस एकीकडे टाकत. ते पाहिलंय. तुमच्या अर्थाने पहिलं शोधन तेच म्हणायचं. त्या तांबूस-राखाडी खडकालाही आपल्याच मातीचं नाव आहे: गोंडाइट. त्यात मँगनीजचा गार्नेट आणि गारगोटी. फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून हे नाव दिलं. मध्य प्रांतातल्या जमातीचं नाव जगभरच्या खडकशास्त्रात गेलं आणि आपण ते परत इंग्रजी शब्द म्हणून वाचतो.

दुभाषी :
बाया निवडत त्या कामाला हिंदी परिभाषेत काय म्हणतात सांगू? कच्च्या धातूतून दगडमाती वेगळी करणं म्हणजे ‘अयस्क प्रसाधन’. मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे पावडर-कुंकू येतं, नाहीतर बसस्थानकावरचं प्रसाधनगृह. ‘अयस्क’ला आपल्याकडे सरळ ‘धातुक’ आहे, दहावीच्या पुस्तकातला. ‘धातुकाची निवड-धुवण’ असं काही करता येईल. ‘अयस्क’ मराठीत घेऊ नका, पाया पडते.

उमरेडकर :
मनसरचं उत्खनन म्हटलं तं काय समजायचं? वाकाटकायचं का मँगनीजचं?

ओवीची पोर :
दोन्ही. तिथे पुरातत्त्ववाल्यांनी टेकडी खणून वाकाटकांच्या काळातलं बांधकाम उघडं केलं, आणि शेजारी मँगनीजची खाण चालूच. यासाठी आपल्याकडे शब्द वाटून घेतलेले बरे: त्यांचं उत्खनन, तुमचं खाणकाम. पण महसुलाच्या कागदावर रेतीच्या चोरीलाही ‘अवैध उत्खनन’ म्हणतात, तेव्हा वाटणी टिकेल असं वाटत नाही.

तर्रीपोहे :
ठरलं. पहिला भाग ‘खाणकाम’, मधला ‘खनिज गवेषण : शोधलं ते आणि गवसलं ते’, तिसरा ‘धातुविज्ञान’. सरांना फोनवर वाचून दाखवलं. ‘गवसलं’वर दोन मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले, छाप. आता शेवटची शंका. मसुद्यात एकाने ‘तो धातू’ लिहिलंय आणि दुसऱ्याने ‘ती धातू’. कोणतं ठेवू?

दुभाषी :
‘तो’. ‘ती’ हिंदीतून आलीय.

उमरेडकर :
आमच्याकडे तं तीच चालते.