मदत हवी आहे: गोव्याच्या जुन्या चित्रावरचे डाग

घाईतली_बाई: आजोबांच्या ट्रंकेत गोव्याचं जुनं चित्र सापडलंय, जहाजं, तटबंदी वगैरे, वरून रंगवलेलं. त्यावर तपकिरी ठिपके पडलेत ते कसे काढायचे? शनिवारच्या आत हवंय, गुगल करून झालंय.

कोराकागद: ओरिजिनल की नक्कल? साइज? फोटो टाका. भिंगातून रेघा अखंड दिसतायत की बारीक टिंबांच्या? टिंबं असतील तर नंतरची छपाई, मग काय हवं ते करा.

मालवणीखाजा: ताज्या पावाचा चुरा हलक्या हाताने फिरवा, आम्ही आजीचे फोटो असेच साफ करायचो. नाहीच निघाले तर थोडं ब्लीच.

कोराकागद: अहो ब्लीच काय! कागदाचा पापड होईल. पावाने वरची धूळ निघते, हे ठिपके ओलीचे, कागदाच्या आत मुरलेले असतात.

नकाशेवाला: जुना गोवा म्हणजे लिन्शोटेनच. डच माणूस, १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता, १५९६ ला पुस्तक काढलं, त्यात गोव्याचा नकाशा आहे.

घाईतली_बाई: साइज वहीच्या पानापेक्षा लहान. गोव्याच्या नावासोबत लॅटिनमध्ये काहीतरी आणि १५०९, म्हणजे १५०९ चं ना? मागेपण छापलेलं आहे, म्हणून मी रद्दीच समजत होते.

कोराकागद: हे आधी सांगायचं ना!! मागे मजकूर म्हणजे पुस्तकाचं पान. ब्राऊन-होगेनबर्गचा शहरांचा अॅटलस वाटतोय, पहिला भाग कोलोनला १५७२ मध्ये निघाला. त्यात एकाच पानावर चार बंदरं आहेत, मोरोक्कोतली अन्फा (आताचं कासाब्लांका) आणि अझेमूर, शिवाय दीव आणि गोवा. छापताना तांब्याचा कोरलेला पत्रा दाबल्याची चौकट कागदावर उमटते, तुमच्याकडे ती चारी बाजूंना नसेल तर कुणीतरी कात्रीने गोवा तेवढा वेगळा काढलाय. आणि १५०९ हे छपाईचं नाही, पोर्तुगीजांनी गोवा घेतल्याचं साल म्हणून टाकलंय, तेही चुकलंय, अल्बुकर्कने १५१० ला घेतला.

नकाशेवाला: तरी लिन्शोटेनचा बघाच.

कोराकागद: तो दोन-अडीच फूट लांब आहे हो, वहीत कसा मावेल?

मालवणीखाजा: ओल्ड गोव्यात आदिलशहाच्या वाड्याची आता नुसती दाराची चौकट उभी आहे, गाईड त्याचेही पैसे मागतो. बाय द वे, चित्राचे लाखभर येतील का?

सातबारा: ताई, शनिवारच का?

घाईतली_बाई: भाऊ टोरांटोला परत जातोय, त्याच्या बॅगेत देणार आहे.

सातबारा: थांबा!! शंभर वर्षांवरची कलावस्तू अशी देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. आधी पुरातत्त्व खात्याला दाखवा.

घाईतली_बाई: अहो मी हे विचारलंच नव्हतं. डागांचं काय?

कोराकागद: राहू द्यात. फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटलं नसेल तर बाहेर काढून कोरड्या जागी सपाट ठेवा, उन्हात नको.

घाईतली_बाई: चिकटलंय.