'नांदणे' फक्त बाईनंच करायचं असतं का?

करवीर नगर वाचन मंदिरातनं विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' आणलीय, 1934 ची कादंबरी, आणि एका शब्दावर अडकून बसलोय. त्यातली अचला नवरा असताना लग्नाशिवाय विरागबरोबर संसार मांडते, तिला मूल पण हवंय. आईला स्टोरी सांगताना मी सहज म्हणालो "मग ती विरागकडं नांदती", तर आईचा भाकरी थापता थापता हात थांबला, "आसं कसं नांदती? लगीन लावलेल्या घरात नांदत्यात. ही नुसती ऱ्हाती म्हण." तर राहणं आणि नांदणं ह्यात नक्की फरक काय ओ?

---

दादा, मूळ धातू संस्कृत नन्द्, म्हणजे आनंदात असणे. म्हणून तर घरात लक्ष्मी नांदते, भाऊभाऊ गुण्यागोविंदानं नांदतात. पण लग्नाचा विषय निघाला की शब्द एकदम बाईच्या पदरात पडतो, मुलगी नांदायला जाते, सून नांदत नाही, आणि पुरुषाला मिळतं ते प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेण्याचं, तो 'नांदवतो' किंवा नांदवत नाही. घरजावई 'नांदायला गेला' असं चेष्टेत सोडून कुणी म्हणतं का?

---

मी वकिलांकडं टायपिंग करते. कागदावर 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' असतं, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9, पण पक्षकार सरळ "नांदायला ये म्हणून केस टाकलीय" म्हणतात. हा दावा बाई पण करू शकते, पण तेव्हा "त्यानं नांदायला यावं" असं नसतं, "मला नांदवून घ्यावं" असतं! रखमाबाईंची केस तर माहितीच असेल, लग्न लहानपणी झालेलं, 1884 ला नवऱ्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला आणि 1887 ला कोर्ट म्हणालं नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या कैद चालेल. पुढं तडजोड झाली आणि बाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आता ह्यात तो नन्द् मधला आनंद कुठं शोधायचा सांगा.

---

वरचे पुणेकर, दादा नाही ओ, बाई आहे मी, कोल्हापूरची 😄 आमच्याकडं बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. आणि आत्ता लिहिता लिहिता आठवलं, आज्जी म्हणायची "बेचाळीस वर्सं नांदलो मी त्या घरात, कुणाचं उणंदुणं काढलं न्हाई." नांदलो! नवरे कधी म्हणत नाहीत असलं पुरुषी रूप, आणि ते सापडतंय आमच्या आज्ज्यांच्या तोंडात. व्याकरणवाल्यांनी ह्याचं काय करायचं ते करा.

---

भारी. पण अचलाचं काय मग? 'संसार करते' म्हणा की, त्यात दोघं येतात.

---

विचारलं आईला. म्हणाली, "संसार म्हण, चालंल. पर ती कुक्कू कुणाच्या नावाचं लावती, त्ये लिवलंय का पुस्तकात?"